भिंतीला सुकू द्या : जुन्या पेठेतल्या दगड-विटांच्या इमारतींची दुरुस्ती

वाई, सासवड, मिरज, पैठण किंवा आपल्या तालुक्याचं कोणतंही जुनं गाव घ्या. मुख्य पेठेतल्या दुकानांच्या रांगेत काही इमारती अजून अशा दिसतात, की जोतं घडीव काळ्या दगडाचं, वर चुन्यात बांधलेली वीट, खाली दुकान आणि माडीवर राहतं घर किंवा गोदाम. भिंतीचे पोपडे निघायला लागले की मालक गवंड्याला बोलावतो. गवंडी चार पोती सिमेंट सांगतो आणि आठवड्याभरात भिंत गुळगुळीत करडी होते. दोन-तीन पावसाळे जातात आणि तोच गिलावा विटेचं तोंड सोबत घेऊन खाली येतो. मग आणखी जाड गिलावा होतो, त्यावर फरशी किंवा पत्र्याचं चकचकीत आवरण चढतं, आणि आत काय चाललंय ते दिसेनासं होतं. पुढे कधीतरी ‘इमारत धोकादायक’ अशी नोटीस येते. यातल्या कितीतरी इमारती वयामुळे नव्हे, तर दुरुस्तीमुळे गेल्या, असं माझं स्पष्ट मत आहे. हा लेख दुकानमालक, भाडेकरू आणि चुन्याचं काम नव्याने शिकू पाहणारे गवंडी यांच्यासाठी आहे.

जुनी भिंत कशी चालते, हे आधी समजून घ्यायला हवं. सिमेंट-काँक्रीटची इमारत पाण्याला बाहेरच अडवते. जुनी भिंत तसं करत नाही. ती पावसात थोडं पाणी पिते आणि ऊन पडलं की सोडून देते. हे पाणी मुख्यतः दरजांतल्या चुन्यातून ये-जा करतं, कारण चुना विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. झीज व्हायची ती दरजांची व्हावी आणि वीट शाबूत राहावी, अशीच ही रचना आहे. पंचवीस-तीस वर्षांनी झिजलेल्या दरजा पुन्हा भरायच्या की भिंत पुढे चालू. आता त्याच दरजांत सिमेंट भरलं तर वाट बंद होते. पाणी विटेतून बाहेर पडू लागतं, सोबत आणलेले क्षार विटेच्या तोंडाशी सोडतं, आणि ते क्षार स्फटिक होऊन फुगले की विटेचा पापुद्रा उडतो. शिवाय सिमेंट कडक असतं. उन्हाने भिंत हलली की चुना थोडा हलतो, सिमेंट हलत नाही, मग विटेची कडच तुटते.

काळ्या दगडाच्या बाबतीत फसगत वेगळी होते. काळा दगड इतका घट्ट असतो की त्याचे पापुद्रे सहसा निघत नाहीत, त्यामुळे सिमेंटच्या दरजा वर्षानुवर्षं छान दिसतात. पण अशा बहुतेक भिंती दुपदरी असतात. बाहेर घडीव दगड, आत डबर, आणि मध्ये माती व दगडांचे तुकडे. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला दरजेखेरीज दुसरी वाटच नसते. ती बुजवली की आतली माती ओली राहते, खाली बसत जाते, आणि भिंतीत टेकलेली सागवानी तुळयांची टोकं कुजतात. बाहेरून भिंत ठणठणीत दिसत असते आणि माडीची जमीन एका बाजूला कलते.

तेव्हा तुमच्या भिंतीत काय आहे ते आधी तपासा. दरजेतला सुपारीएवढा तुकडा काढून पाण्याच्या पेल्यात टाका. काही वेळात तो विरघळून गाळ झाला तर बांधणी मातीतली आहे. शाबूत राहिला, पण नाण्याने खरवडल्यावर भुगा पडला आणि व्हिनेगरच्या थेंबाला बुडबुडे आले, तर चुना आहे. नाण्याला दादच देत नसेल तर सिमेंट. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ मध्ये घेतलं. आपल्याकडे पोरबंदरचा कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला आणि अनेक कंपन्या एकत्र होऊन ‘एसीसी’ झाली ती १९३६ मध्ये. लहान गावात सिमेंट सर्रास पोचायला त्यानंतरही वेळ लागला. म्हणून १९३० च्या आधीच्या इमारतीत सिमेंट सापडलं, तर ते बहुधा नंतरच्या दुरुस्तीचं असतं.

आधी पाणी शोधा

भिंतीवर एक रुपया खर्च करण्याआधी एक पावसाळा तिच्याकडे नीट बघा. भर पावसात छत्री आणि बॅटरी घेऊन इमारतीभोवती फिरा, माडीवर जा, माळ्यावर चढा. कौलं कुठे सरकली आहेत, पन्हळ कुठे तुंबून मागे भिंतीवर सांडते, वळचणीचं पाणी नेमकं कुठे पडतं, हे कोरड्या दिवसांत कळत नाही. पेठेतल्या इमारती एकमेकींना चिकटून असतात. दोन छपरांमधली पत्र्याची पन्हळ ही सर्वांत दुर्लक्षित जागा, कारण ती कोणाची हे कोणीच ठरवलेलं नसतं. शेजाऱ्याशी बोलून तिचा खर्च अर्धा-अर्धा वाटून घ्या. पुढची निम्मी दुरुस्ती तिथेच टळते.

मग बाकीच्या जागा : माडीवर नंतर केलेली न्हाणी आणि तिचा फुटका पाइप, गच्चीवर ठेवलेली पाण्याची टाकी, एअर कंडिशनरची थेट भिंतीवर गळणारी नळी, नावाच्या पाटीसाठी पाडलेली आणि पाटी काढल्यावर उघडी राहिलेली भोकं. यातलं प्रत्येक काम किरकोळ आहे आणि प्रत्येक काम चुन्याच्या कामाआधी व्हायला हवं.

आता रस्त्याविषयी थोडं सविस्तर, कारण लहान गावांतल्या भिंतींचं हे आजचं मोठं दुखणं आहे. दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता रस्त्यावर नवा डांबर किंवा काँक्रीटचा थर चढतो. पूर्वी दुकानात जायला तीन पायऱ्या चढाव्या लागत, आता कित्येक ठिकाणी एक पायरी उतरावी लागते. जोत्याचा दगड जमिनीखाली गेला, आणि जी ओल जोत्यात अडायची ती थेट विटेला भिडली. भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांवर पांढरा लोणा आणि सोललेला रंग दिसला की आधी रस्त्याची पातळी बघा. उपाय असा : भिंतीलगत फूट-दीड फूट रुंदीचा सिमेंटचा कोबा असेल तर तो काढा. तिथे उथळ चर खणून खडी भरा आणि तिचा उतार गटाराकडे ठेवा. चर पायाच्या तळापेक्षा खोल जाऊ देऊ नका. खडीतून भिंतीचा तळ सुकतो, कोब्याखाली तो कायम ओला राहतो. आणि पुढच्या वेळी रस्त्याचं काम निघेल तेव्हा पेठेतल्या व्यापाऱ्यांनी मिळून नगरपरिषदेकडे जुना थर खरवडून मगच नवा टाकण्याची लेखी मागणी करावी. एकट्या अर्जाला वजन नसतं, सगळ्या पेठेच्या अर्जाला असतं.

तडा बघून घाबरू नका, पण मोजा

देशावरच्या बऱ्याच पेठा काळ्या मातीवर उभ्या आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे मे महिन्यात उघडलेली फट ऑगस्टमध्ये मिटते आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा उघडते. असा तडा भरून टाकण्याची घाई करू नका. त्याच्या आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची बोटभर रुंद पट्टी मारा, तीवर तारीख लिहा, आणि दोन्ही बाजूंना पेन्सिलीच्या खुणा करून दर महिन्याला अंतर मोजून वहीत टिपा. वर्षभरात तडा ऋतूप्रमाणे उघडमीट करत असेल तर पायाजवळच्या पाण्याचा बंदोबस्त करा. एकाच दिशेने वाढत असेल तर अभियंत्याला बोलवा.

काही गोष्टींत मात्र वर्षभर थांबू नका. ओळंबा धरल्यावर भिंत मधोमध बाहेर आलेली दिसली, म्हणजे गवंडी ज्याला ‘भिंतीने पोट काढलं’ म्हणतात, तर ती दुपदरी भिंत आतून सुटू लागली आहे. कमानीचा मधला दगड खाली सरकलेला असणं, तुळईचं टोक भिंतीतून सुटत असणं, शेजारचा जुना वाडा पाडून तिथे तळघराची खोदाई सुरू होणं, ही लक्षणंही तशीच गंभीर. अशा वेळी आधी धिरे द्या, खालची माणसं हलवा आणि संरचना अभियंत्याचा लेखी सल्ला घ्या. शेजारी खोदाई होणार असेल, तर ती सुरू होण्याआधीच तुमच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवा आणि खोदाईच्या कडेला आधार देण्याची मागणी पत्राने करा.

दुपदरी भिंतीचं काय होऊ शकतं हे महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात पाहिलं. तिथल्या जाड दगडी भिंती मातीत बांधलेल्या होत्या आणि दोन्ही पदरांना जोडणारे आरपार दगड त्यांत फारसे नव्हते. हादऱ्याने पदर सुटले आणि भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्यानंतर अशा भिंतींना आरपार बंध घालण्याच्या पद्धती रुजल्या. दुर्बल बांधकामाच्या भूकंपरोधनासाठी १३८२८ क्रमांकाचं भारतीय मानक आहे आणि दुरुस्ती-बळकटीसाठी १३९३५ क्रमांकाचं. तुमच्या अभियंत्याला या दोन्हींची ओळख आहे का, हे विचारायला संकोच करू नका. पोट काढलेली भिंत नुसती दाबून पुन्हा सरळ होत नाही. लहान भाग असेल तर दगडांना क्रमांक घालून तो उतरवायचा आणि आरपार दगड घालत पुन्हा रचायचा, किंवा भोकं पाडून बंध घालायचे आणि आतल्या पोकळीत चुन्याचं पातळ मिश्रण खालून वर, टप्प्याटप्प्याने, वजनानेच उतरेल असं सोडायचं. पंपाने जोरात भरलं तर सुटलेला पदरच ढकलला जातो.

अभियंता म्हणजे सगळं पाडून काँक्रीटच हवं, असं काही मालकांना वाटतं. पहिल्या भेटीतच ‘पाडून टाका’ असं लिहून देणारे असतात, हेही खरं. चुन्याच्या इमारतींवर काम केलेला माणूस शोधा, त्याने केलेली इमारत प्रत्यक्ष जाऊन बघा आणि मगच काम द्या.

चुना

सगळ्या कामाचा जीव इथे आहे. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना मिळतो. त्यावर पाणी पडलं की तो उकळतो, फुटतो आणि विझून त्याची लोण्यासारखी मळी होते. भिंतीत गेल्यावर ही मळी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा चुनखडी बनते. हे हळूहळू होणं हाच चुन्याचा गुण आहे, कारण तेवढ्या काळात भिंतीच्या बारीक हालचाली तो पचवतो. काळ्या मातीत सापडणाऱ्या कंकरापासून केलेला चुना पाण्याखालीही धरतो, म्हणून तो पाया आणि जोत्याला चांगला. किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना वापरायचे. तो शुभ्र आणि मऊ असतो, पण स्वतः लवकर धरत नाही. अशा चुन्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड मिसळली की तो बळकट होतो. सुरखी मध्यम भाजलेल्या विटेची असावी. काळपट होईपर्यंत भाजलेल्या विटेची पूड चुन्याशी नीट जुळत नाही.

पूर्वी गावोगावी दगडी चाकाची घाणी असे. बैल गोल फिरत आणि चुना, वाळू, सुरखी तासन्‌तास मळली जात. आज घाणी मिळाली तर उत्तमच, नाहीतर मोर्टार मिक्सर चालतो, फक्त मळणं भरपूर हवं. कळीचा चुना मिळत असेल तर जाळीतून गाळून, वर पाणी ठेवून मुरत ठेवा. तीन दिवस ही अगदी खालची मर्यादा, महिनाभर मुरलेली मळी कामाला कितीतरी छान लागते. पिशवीतली फक्की घ्यायची असेल तर ताजी घ्या. चिमूटभर फक्कीवर व्हिनेगर टाकून बघा. भरपूर बुडबुडे आले तर ती हवा खाऊन पुन्हा दगड झाली आहे, परत करा.

प्रमाणाची सुरुवात अशी करता येईल : एक भाग मळी आणि वाळू-सुरखी मिळून अडीच ते तीन भाग. विटेसाठी सुरखी थोडी जास्त, दगडासाठी वाळू थोडी जास्त. वाळू धुतलेली आणि लहान-मोठ्या कणांची हवी. खाडीची वाळू अजिबात नको, तिच्यासोबत मीठ येतं. नदीची वाळू मिळत नसेल तर दगडाची कृत्रिम वाळू चालेल, पण तिची बारीक धूळ चाळून काढा. हे प्रमाण अंतिम नव्हे. भिंतीच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात दोन-तीन प्रमाणांचे नमुने भरा, महिनाभर थांबा, मग रंग, भेगा आणि कडकपणा बघून ठरवा. नवा माल जुन्या विटेपेक्षा मऊ असायला हवा, ही एकच कसोटी कधीही सोडू नका.

गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद यांबद्दल लोक हमखास विचारतात. जुन्या गवंड्यांनी ते वापरले, आणि जाणत्या हातात त्यांचा उपयोगही होतो. पण प्रमाण माहीत नसताना केवळ परंपरा म्हणून गुळाची ढेप टाकू नका. साध्या, नीट मुरलेल्या आणि नीट मळलेल्या चुन्याने दरजांचं बहुतेक काम उत्तम होतं.

आणखी एक गोष्ट हमखास घडेल. गवंडी म्हणेल, ‘मालक, लवकर धरायला घमेल्याला मूठभर सिमेंट टाकू.’ नाही म्हणा, आणि रोज जाऊन बघा. त्या मुठीने ना सिमेंटचा जोर मिळत, ना चुन्याचा मऊपणा राहत.

चुन्याशी काम करताना डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे आणि जवळ स्वच्छ पाण्याची बादली हवीच. कळीचा चुना विझवताना तो उकळून उडतो. डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुवत राहा आणि दवाखाना गाठा. दुकानाचं आवार असेल तर विझवण्याचं काम लहान मुलं फिरकणार नाहीत अशा जागी करा.

दरजा भरणं

काम दिवाळी ते शिमगा या काळात काढा. उन्हाळ्यात चुना धरण्याआधीच वाळून भुगा होतो, आणि पावसाआधी त्याला किमान दोन महिने मिळायला हवेत. सगळी भिंत एकदम काढू नका. बाजाराचा दिवस सोडून एकेक खण घ्या, म्हणजे धंदाही चालू राहतो.

जुन्या, झिजलेल्या दरजा छिन्नी आणि हलक्या हातोडीने उकरा. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट-अडीचपट, म्हणजे विटेत साधारण एक इंच. जुना चुना घट्ट असेल तर त्याला हात लावू नका, तो आणखी पन्नास वर्षं राहील. सिमेंटच्या दरजा काढताना ग्राइंडर फिरवण्याचा मोह होतो. विटेच्या कडा कापल्या गेल्या की कायमच्या गेल्या, आणि पातळ उभ्या दरजांत ग्राइंडर हमखास चुकतो. जे सिमेंट काढताना विटाच फुटत असतील, ते तूर्त तसंच ठेवणं शहाणपणाचं. भोवतीची वाट मोकळी करा, काही वर्षांनी तेही सैल होईल.

उकरलेली दरज ब्रशने झाडा आणि आदल्या संध्याकाळी व सकाळी पाणी शिंपडून ओली करा. ओघळ नको, पण दरज तहानलेलीही नको, नाहीतर ती ताज्या चुन्यातलं पाणी ओढून घेते. माल घट्टसर, मुठीत धरला तर गोळा राहील असा. खोल दरज एका दमात भरू नका. अर्ध्या इंचाचा थर दाबून बसवा, अंगठ्याने दाबल्यावर ठसा उमटेनासा झाला की पुढचा. शेवटचा थर विटेच्या कडेपासून किंचित आत ठेवा. काळ्या दगडावर सिमेंटची फुगीर, पांढऱ्या रंगाने रंगवलेली पट्टी ओढायची पद्धत अनेक गावांत आहे. ती दगड जोडत नाही, फक्त वरच्या बाजूला पाणी अडवते.

थर आवळल्यावर ताठ केसांच्या ब्रशने हलके ठोके मारा. वरची साय निघते, वाळू उघडी पडते आणि हवा आत जायला वाट होते. मग ओलं गोणपाट टांगा आणि आठवडा-दहा दिवस दिवसातून तीन-चारदा पाणी शिंपडा. कोरडा वारा असेल तर जास्त वेळा. चुन्याची कामं बिघडतात ती बहुतेक याच टप्प्यावर, कारण गवंडी पुढच्या कामावर गेलेला असतो आणि पाणी मारायचं कोणी हे ठरलेलं नसतं. दुकानातल्या एका माणसावर हे काम नेमून द्या आणि त्याचा वेगळा मोबदला द्या.

विटेचं तोंड झडलं असेल तर सिमेंटने नवं तोंड करू नका. वीट आतून चांगली असेल तर अलगद काढून, उलटी फिरवून पुन्हा बसवता येते. नाहीतर जुन्या पाडलेल्या इमारतीच्या विटा शोधा. जुनी वीट आजच्या विटेपेक्षा पातळ असते, त्यामुळे नवी वीट घातली तर थर जुळत नाहीत. निवडताना दोन विटा एकमेकींवर आपटून टणक आवाज येतो का बघा, बसवण्याआधी पाण्यात भिजवा, आणि एका वेळी शेजारशेजारच्या दोन विटा काढू नका.

एक इशारा. भिंतीचा जुना गिलावा काढून वीट उघडी ठेवायची सध्या हौस आहे, विशेषतः जिथे हॉटेल किंवा कॅफे निघतो तिथे. पण ज्या विटा मुळात गिलाव्यासाठी घातल्या होत्या त्या बहुधा कमी भाजलेल्या असतात, आणि गिलावा हेच त्यांचं पांघरूण होतं. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा परत द्या आणि वर काव किंवा पिवळी माती मिसळलेली चुन्याची सफेदी. प्लॅस्टिकसारखा थर तयार करणारे ‘वॉटरप्रूफ’ रंग आणि पारदर्शक लेप जुन्या भिंतीवर नकोतच. ते बाहेरचं पाणी अडवोत न अडवोत, आतलं नक्की कोंडतात.

लोणा दिसला की पाण्याने धुऊ नका, तो विरघळून परत आत जातो. कोरड्या ब्रशने झाडा, खाली कागद अंथरून गोळा करा आणि लांब टाका. हट्टी लोण्यासाठी मुलतानी माती किंवा कागदाचा लगदा स्वच्छ पाण्यात कालवून जाड लेप द्या, पूर्ण वाळला की काढा, आणि पांढरेपणा कमी होईपर्यंत हे पुन्हा करा. साफसफाईसाठी साधं पाणी आणि काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश पुरतो. अ‍ॅसिड चुना खातं. वाळूचा मारा आणि जोराच्या पाण्याचा फवारा विटेचं भाजलेलं कठीण कवच काढून टाकतात, आणि ते परत येत नाही.

पिंपळ आणि वड यांचं रोप दोन पानांचं असताना, पावसाळा संपता संपता, हाताने उपटा. धार्मिक भावना असेल तर कुंडीत लावा. मोठं झाल्यावर नुसतं छाटलं की मुळं भिंतीत जास्तच जोराने पसरतात, आणि ओढून काढलं तर दगड सोबत येतात. खोड कापून ताज्या कापावर तणनाशक लावावं लागतं. ग्लायफोसेट वापरायला आता केवळ परवानाधारक कीडनियंत्रकालाच मुभा आहे, तेव्हा त्यालाच बोलवा. मूळ पूर्ण मेल्यावर, काही महिन्यांनी, ते काढून पोकळी चुन्याने भरा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही दुकानांत लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामध्ये विटांच्या बसक्या कमानी असं छत असतं. तिथे गर्डरच्या टोकाशी भिंत फुटलेली दिसली तर दोष विटेत शोधू नका. गंजलेलं लोखंड फुगतं आणि वीट उचलतं. गंज खरवडून, रंगाचे थर देऊन, टोकापर्यंतचं पाणी थांबवल्याशिवाय तिथे गिलावा करणं व्यर्थ आहे.

कोकण आणि गोव्यातल्या पेठांत भिंती जांभ्याच्या. जांभा इतका सच्छिद्र, की वर सांगितलेलं सगळं त्याला दुपटीने लागू होतं. चुन्याचा गिलावा, पुढे आलेलं छप्पर आणि कोरडं जोतं हीच त्याची खरी राखण. पुराने भिजलेल्या भिंतींचं दुःख चिपळूण आणि महाडने जुलै २०२१ मध्ये, सांगली-कोल्हापूरने ऑगस्ट २०१९ मध्ये भोगलं. अशा वेळी दुकान लवकर उघडण्याची घाई मी समजू शकतो. तरी भिंतीवरचं प्लायवूड, फरशी आणि ऑइलपेंट काढा, कपाटं भिंतीपासून लांब ठेवा, दोन्ही बाजूंनी वारा खेळू द्या. जाड भिंत सुकायला कित्येक महिने जातात. पुढचा उन्हाळा होईपर्यंत तात्पुरत्या सफेदीवर भागवा, कायमचा गिलावा त्यानंतर.

कागदपत्रं आणि करार

काम सुरू करण्याआधी नगरपरिषदेत जाऊन इमारत वारसा यादीत आहे का ते विचारा. जवळ केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक असेल तर त्यापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आहे आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत नियमन आहे. दुरुस्तीलाही सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. भाडेकरूंनी लक्षात ठेवावं, की १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार जागा राहण्या-वापरण्याजोगी ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. मालकाने लेखी सूचनेनंतरही दुर्लक्ष केलं तर भाडेकरूला ठरावीक मर्यादेत दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र त्याआधी वकिलाचा सल्ला घ्या आणि प्रत्येक पावती जपा. अनेक पेठांत मालक-भाडेकरूच्या जुन्या भांडणात पन्हळ वर्षानुवर्षं फुटकी राहते, आणि नुकसान दोघांचंही होतं.

गवंड्याशी ठरवताना ‘सगळी भिंत इतक्याला’ असा सौदा करू नका, त्यात घाई होते. चौरस मीटरवर दर ठरवा, पाणी मारण्याचे दिवस वेगळे धरा, परांची आणि सुरक्षिततेची साधनं कोण आणणार ते लिहा. एक मीटर लांब-रुंद नमुन्याचा तुकडा दोघांनी मान्य करून त्याचा फोटो कराराला जोडा. मोबदल्याचा थोडा भाग पहिला पावसाळा पार पडल्यावर द्यायचा ठेवा आणि तो वेळेवर द्या, कारण चांगला चुन्याचा गवंडी पुन्हा लागणारच आहे. मालाचं अंतिम प्रमाण, वाळू कुठली, चुना कुठून आणला, कोणता खण कधी भरला, हे एका वहीत लिहून ती इमारतीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. उरलेल्या जुन्या विटा विकू नका, माळ्यावर कोरड्या जागी रचून ठेवा.